पिट्टूच्या शिवणीतला भंडारा

मी पिट्टू बोलतोय, पाठीवरची पिशवी. पलटणीतला, खाकी कॅनव्हासचा, शिपायाच्या पाठीवर बसून फुकटात जग पाहिलेला. कुठल्या कारखान्यात शिवला गेलो ते विचारू नका. तिथं माझ्यासारखे ढीगभर होते. माझा मालक उंब्रजचा गुंडा. लढाईत हाताला गोळी लागली, पलटणीतून नाव कटलं, आणि तो मला पाठीवर टाकून गावी आला.

मला वाटलं, आता आराम. कसला आराम! बेचाळीसची चळवळ पेटली होती, आणि गुंडा भूमिगतांचं सामान डोंगरातून पोचवू लागला. कराडहून निघायचं, पाटणच्या वर रान चढायचं, आणि धारेधारेनं थेट बामणोलीच्या जंगलापर्यंत. चढावर माझे पट्टे त्याच्या खांद्यात रुतायचे. मला वाईट वाटायचं, पण पट्ट्यांनी दुसरं काय करावं?

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात माझ्या पोटात सल्फाच्या गोळ्या होत्या. बामणोलीच्या वरच्या गुहेत गुंडाचा सोबती सयाजी पडला होता. पोलिसांची गोळी पायात शिरून जखम चिघळली होती. औषध वेळेत पोचलं नाही तर पाय जाणार, आणि पायाबरोबर बहुधा सयाजीही.

वाटेत पठारावर बयाबाई धनगरणीचं खोपट लागलं. तिनं ताक-भाकरी दिली, कुठं निघालास म्हणून विचारलं नाही. निघताना मात्र मूठभर भंडारा उधळला. थोडा गुंडावर, बाकी सगळा माझ्यावर. मी पिवळाधमक झालो! पोलीस खाकी पिट्टूच्या मागावर होतेच. म्हटलं, बरंच झालं, खाकी झाकली.

पुढच्या खिंडीत पिकल्या मिशांचा हवालदार आडवा आला. त्याचे बंदूकवाले शिपाई झाडाखाली बसले होते.

"कुठं निगालास रं?"

"पालीच्या खंडोबाला गेलतो. माघारी चाललोय."

हवालदारानं मला खालीवर न्याहाळलं. सुटलो असं मला वाटतंय तोच तो म्हणाला, "मग भंडारा उचल आन् सांग, ह्यात काय हाय?"

आमच्याकडं भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. गुंडा तर नाहीच नाही. त्यानं माझ्या शिवणीतून चिमूटभर भंडारा खरवडला. अरे, बोल खोटं! सांग, भाकरी आहे, खोबरं आहे! मी जीव तोडून ओरडत होतो, पण पिट्टूचं ऐकतो कोण?

"औषीद हाय," गुंडा म्हणाला. "एका मानसाचा पाय सडतोय."

"कुनाचा?"

"आवं, ह्यात काय हाय त्येवढंच इचारलं तुमी. त्ये सांगितलं."

संपलं सगळं, मला वाटलं. हवालदारानं झाडाकडं पाहिलं. शिपाई तंबाखू मळत होते. मग त्यानं टोपी काढली आणि गुंडाच्या चिमटीतला भंडारा आपल्या कपाळाला लावून घेतला.

"बक्कलावर पलटणीचा शिक्का हाय. झाक त्यो," तो हळूच म्हणाला. आणि मोठ्यानं, "खंडोबाचा भगत हाय, जाऊ द्या रं!"

गोळ्या पोचल्या. सयाजीचा तापलेला पाय कितीतरी दिवस माझ्यावरच टेकवलेला होता. माझं बक्कल ओळखलं गेलं म्हणून गुंडानं पुढं मला बयाबाईकडं ठेवलं, आणि तो नवं ओझं घेऊन गेला. कोकणच्या उतरणीवर पोलिसांच्या गोळीनं तो पडला, असं ऐकलं. मी त्याच्या पाठीवर नव्हतो, हे मला अजून सलतं.

आता स्वराज्य आलंय. सयाजी बयाबाईच्याच खोपटात पोरांना शिकवतो आणि मी खुंटीवर लोंबकळतो. परवा एक म्हातारा काठी टेकत आला. मला पाहून उंबऱ्यातच थांबला. अंगावर खाकी नव्हती, तरी मी हवालदाराला ओळखलं.

"बाई, त्या मानसाचा पाय वाचला का हो?"

बयाबाईनं आत हाक मारली. सयाजी बाहेर आला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. म्हातारा आधी त्या पायाकडं पाहत राहिला, मग तोंडाकडं, आणि तिथंच बसून रडला. जाताना माझ्या शिवणीतला चिमूटभर भंडारा त्यानं पुन्हा कपाळाला लावला.

बयाबाईची सून मला धुवायला काढते आहे. एवढंच मागणं आहे, बाबांनो, मला धुऊ नका.