सुतकातलं पाणी

अंगणात हिंमतराव देशमुख रडत होते आणि घरात कोकिळा ते ऐकत बसली होती.

कडूबा जाऊन पाच दिवस झाले होते. कडूबा देऊळघाटचा माळी, कोकिळेचा नवरा, आणि हिंमतरावांचा बुलढाण्याच्या हायस्कुलातला सोबती. दोघांची वावरं बांधाला बांध, मधे सामाईक विहीर. दोन दिवस यांची पाळी, दोन दिवस त्यांची. सुतकात घरचे बैल जुंपायचे नाहीत, ही गावाची रीत. अशा वेळी शेजाऱ्यानं आपली जोडी लावून त्या घरच्या वाफ्यांना पाणी द्यायचं, हीही रीतच. हिंमतराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वयनी, वावराची चिंता करू नका. कडूबाच्या पाळीले माही जोडी हाय."

मोट चालली होती, हे खरं. कुंई, कुंई. चाकाचा आवाज घरापर्यंत यायचा.

आज पाळी कडूबाची होती. पहाटे कोकिळा बांधाकडं गेली, तेव्हा तिला दिसलं. मिरचीनं माना टाकल्या होत्या. वांग्याचं पान हातात घेतलं तर त्याचा चुरा झाला. वाफ्यांना बोट जाईल एवढ्या भेगा. बांधापलीकडं हिंमतरावांचा ऊस घोटाभर पाण्यात उभा, हिरवागार, वर डास.

ती घरी आली आणि सासूजवळ बसली.

"आत्याबाई, पाणी आपल्याले भेटूनच नाही राह्यलं."

"गप राह्य," रुखमाबाई म्हणाली. "सुतक फिटू दे. मोठ्या मानसाचं नाव घेऊ नोको."

"सुतक फिटेलोक झाडं राह्यतीन का? मंग सालभर खायचं काय आपुन?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं.

अंगणात आता दहा-बारा माणसं जमली होती. हिंमतरावांना कौन्सिलाच्या इलेक्शनला उभं राहायचं होतं, त्यामुळं ते एकटे रडायला कधी येतच नसत.

"काय सांगू, रामराव," ते गावच्या पंचाला म्हणाले. "बोर्डिंगात आम्ही एका ताटात..."

कुंई.

"...जेवलो. मी देशमुख, तो माळी. पन मनात कधी..."

कुंई.

"...काही आलं नाही. एका ताटात, रामराव."

एका ताटात. ते खोटं नव्हतं. कडूबानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला सांगितलं होतं. घरून भाकरी आली नाही की हिंमतराव त्याला बोलवायचा. आधी स्वतः जेवायचा. मग ताट पुढं सरकवायचा. चावून टाकलेले पोळीचे काठ, चोखलेल्या शेवग्याच्या शेंगा, बोटं बुडवून धुतलेलं वरण. पोरं बघत बसायची. कडूबा खायचा. भूक होती.

पुढं जन्मभर घरात कुणाचं उष्टं ताट दिसलं की कडूबा उठून गोठ्यात जाऊन उभा राहायचा. पोराचं असलं तरी.

"आता वयनीले मोट हाकनं जमन का?" हिंमतरावांनी नाक शिंकरलं, हात खांबाला पुसला. कोकिळेच्या खांबाला. "म्हनून म्हनतो, पाळी कायमची माह्याकडं राहू द्या. मी देत जाईन पाणी. सोबत्यासाठी एवढं..."

"मोठं मन हाय, भाऊ," रामराव म्हणाले. माना हलल्या.

कोकिळा मागच्या दारानं गोठ्यात गेली. हिंमतराव बराच वेळ तेच तेच सांगत राहिले.

"...एवढं तर करनंच..."

कुंई नाही.

"...करनंच पडते."

सगळे चाकाचा आवाज यायची वाट पाहू लागले. तो आला, पण चाल वेगळी होती, जड, रागाची. पाठोपाठ हिंमतरावांचा गडी उकंडा धावत आला.

"मालक, बाईनं मले मोटेच्या धावेवरून उतरवलं. आपले बैल सोडले अन् तिचे जुपले."

सगळे वावरात गेले. कोकिळा पदर खोचून बैल हाकत होती. मोट रिकामी झाली की तिचं पाणी पडतं त्या थारोळ्यात उतरायची आणि उसाकडं जाणाऱ्या पाटाच्या तोंडावर हातानं चिखल दाबायची. मिरचीच्या वाफ्यात पाणी शिरताना मातीतून फस्स आवाज येत होता.

"सुतकात बैल जुपले? थारोळ्यात हात घातले?" हिंमतराव म्हणाले. त्यांचे डोळे एकदम कोरडे. "बाटवली ना सामाईक हीर. माह्या उसाचा गूळ देवाच्या प्रसादाले जाते. हे पाणी आता चालते काय त्याले?"

"नाही चालत, भाऊ," कोकिळा म्हणाली.

"मंग?"

"मंग माह्या मिरचीले चालते. तिले बी सुतकच हाय."

रामराव खोकले. तिकडं कुणीतरी हसू दाबलं.

"अन् माही पाळी?" हिंमतराव म्हणाले.

"हीर तर एकच हाय. तुम्हीच म्हनलं, बाटली. सुतक फिटलं की तुमची पाळी तुम्हाले, माही मले." तिनं थारोळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. "नाहीतर घ्या. ते तुमचं उष्टं खात होते ना बोर्डिंगात? तुम्ही त्यायच्या घरचं बाटलेलं घ्या. बराबर होईन."

ओंजळीतून पाणी गळत राहिलं. हिंमतरावांनी माणसांकडं पाहिलं. माणसांनी रामरावांकडं.

"सुतक फिटेलोक हीर तिच्याकडंच राहू द्या," रामराव म्हणाले. "मंग ज्याची पाळी त्याले. तुमच्या प्रसादाचा सवाल हाय, भाऊ."

दिवस मावळताना देशमुखांच्या वाड्यावरून सुतकाच्या घरासाठी भाकऱ्या आल्या, रोजच्यासारख्या, फडक्यात बांधून. रुखमाबाईनं हात पुढं केला. कोकिळेनं फडकं उचललं, गोठ्यात नेलं आणि भाकऱ्या कुस्करून गव्हाणीत टाकल्या.

बैल दिवसभराचे दमलेले होते. त्यांनी सगळं चाटून खाल्लं. त्यांना ताटाची गोष्ट माहीत नव्हती.