येसकराची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माझ्या टोकाला लोखंडी कडी आहे आणि कडीत घुंगरं ओवलेली आहेत. गेली जवळजवळ सत्तर वर्षं मी कोंडलेलीच आहे.

वाटूरजवळच्या एका खेड्यात कचरू नावाचा येसकर होता. वेशीवर पहारा द्यायचा, गावच्या चिठ्ठ्या पोचवायच्या, मेलेली जनावरं ओढायची आणि बदल्यात शिळ्या भाकरी घ्यायच्या. महाराच्या घरात जन्मला, म्हणून ही कामं त्याची. मी वाजले की लोक बाजूला सरत, त्याची सावली चुकवत. माझी घुंगरं त्यासाठीच होती.

एका दुपारी कचरूची तान्ही लेक तापानं फणफणली होती. तेवढ्यात पाटलाचं बोलावणं आलं, परतूरला चिठ्ठी पोचवायची होती.

"पोरगी लई बीमार हाय, मालक. उद्या जातो," कचरू हात जोडून म्हणाला.

"काठी घे अन् जल्दी नीघ परतूरला."

आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी परतलो, तेव्हा लेक गेली होती.

छप्पन्न सालानंतर कचरू बौद्ध झाला. चावडीवर जाऊन म्हणाला, "उद्यापासून दुसरा माणूस बघा." घरी येऊन त्यानं मला चुलीपाशी फेकलं आणि दहा वर्षांच्या अप्पारावला, आपल्या मुलाला, सांगितलं, "जाळ हिला."

अप्पारावनं मला जाळलं नाही. घुंगरांत चिंध्या कोंबून, गोणपाटात गुंडाळून आढ्यात खोचलं. बापाला म्हणाला, जाळली.

आढ्यात धूर होता, उंदीर होते. खाली कचरू वारला. अप्पारावचा मुलगा राजानंद जन्मला, शिकून मास्तर झाला. मला सगळं ऐकू येई, पण हूं की चूं करता येत नसे.

यंदा घर पाडायला काढलं आणि राजानंदच्या लेकीला, संध्याला, मी सापडले. तिनं चिंध्या उपसून मला हलवलं. ओसरीवरचे अप्पाराव ताडकन उठले.

"ठिव खाली! वाजवू नको!"

मग त्यांनी नातीला जवळ बसवून सगळं सांगितलं. "मी बाला खोटं बोललो. त्याचा हात घासून घासून लाकूड कसं गुळगुळीत झालंय, बघ. दुसरं काहीच न्हाई राह्यलं त्याचं. फोटू सुदिक न्हाई."

"बाबा, लोक बघतील," राजानंद म्हणाला. "नदीत सोडून देऊ."

"मंग पणजोबा चावडीवर काय बोलले, ते कुणाला कळंल?" संध्यानं विचारलं.

राजानंदनं मला पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. नदी टळली, पण सुटका झाली नाही. आता मी भाड्याच्या खोलीत पलंगाखाली पडून आहे. चिंध्या पुन्हा कोंबल्या आहेत.

संध्या रोज शाळेतून आली की वही घेऊन आजोबांपाशी बसते. काल तिनं विचारलं, "तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

अप्पाराव कपाळ चोळत राहिले. "माय म्हणायचे सगळे तिला. नाव... न्हाई आठवत, बाई."

तिचं नाव झुंबरबाई होतं. वाट लांब असली की कचरू एकटाच आपल्या आईबद्दल, तिचं नाव घेऊन, बोलत चालायचा. पण मी ते सांगू कशी?

मित्रांनो, मला कधी वाजवू नका. पण तुमच्या घरात सांगणारं माणूस अजून असेल, तर आज त्याच्यापाशी बसा आणि विचारा. माझ्यासारख्या लाकडाला ठाऊक असून काय उपयोग?