साडूची टोकदार अक्षरं

"परीक्षकांनो, डोळे गहाण टाकून बक्षीस दिलंत तुम्ही!" पेंटरनं पेपर भिंतीवर आपटला. आत परीक्षकांकडून बक्षीस घेणाऱ्या साडूचा फोटो होता. साडूनं कॉम्प्युटरवर घडवलेला जाड, टोकदार कोनांचा फॉन्ट आता जिमच्या पाटीवर, बुटांच्या खोक्यांवर, सिनेमाच्या पोस्टरवर, जिकडेतिकडे मिरवत होता.

"कुऱ्हाडीनं फोडलेली लाकडं नुसती! माझ्या अक्षराला गोलाई आहे."

"गोलाई तुमच्या पोटालाही आहे," बायको म्हणाली. "भाऊजींचं अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येतं."

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. तिला दाखवायचंच म्हणून त्यानं स्वतःच्या दुकानाची पाटी पुसली आणि आपल्या वळणाची अक्षरं रंगवायला घेतली. पण ती लांबून वाचता यावीत म्हणून रेघ जाड केली, मग वेलांटीला कोपरा काढला, मग उकाराचं टोक तिरकं छाटलं. रंग वाळल्यावर बायकोला हाताला धरून त्यानं समोरच्या फुटपाथवर नेलं.

तिचा चेहरा खुलला. "अगं बाई, अगदी भाऊजींचा फॉन्ट!"

पेंटर तडक आत गेला. चुरगळलेल्या पेपरात साडूच्या खांद्यावर हात टाकून परीक्षक हसत होते.

"हसताय काय? माझं अक्षर कुठं गेलं, ते सांगा आधी!"