आखूड पायाची फुली

"जरा बोटं पुसून घ्याल का, मुएन? लोण्याचा डाग बसतो," दातांचे डॉक्टर ब्रेक्के म्हणाले आणि कापडाची गुंडाळी उलगडून त्यांनी पिस्तूल जेवणाच्या टेबलावर, चीजच्या ताटलीशेजारी ठेवलं.

तॉर्गाइर मुएनने निमूटपणे बोटं पुसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बोटांना एकेकाळी केसाएवढा फरक नुसत्या स्पर्शाने कळायचा. गावातल्या शस्त्रकारखान्यात तो तपासनीस होता. पिस्तुलाचा एकेक भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि पास तरी करायचा, नाहीतर छिन्नीने फुली मारून भंगाराच्या पेटीत टाकायचा.

"आस्मुनच्या बायकोकडून घेतलं मी हे," ब्रेक्के म्हणाले. "नंबर नाही, शिक्का नाही. अस्सल शिदोरीचं पिस्तूल."

हा शब्द गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आराखडा अमेरिकन; पण पहिल्या महायुद्धापासून हे पिस्तूल इथेच, नदीकाठी बनत होतं. चाळीस साली जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि तीच यंत्रं त्यांच्यासाठी फिरू लागली. मग कामगारांनी पावाच्या पुडीतून एकेक भाग घरी न्यायला सुरुवात केली. आज घोडा, उद्या स्प्रिंग, महिन्याभराने नळी. तळघरात जुळवणी व्हायची. कुणी पकडला गेला असता तर गोळ्या घालायला थेट भिंतीशी उभा केला असता. त्या सगळ्यांत आस्मुन पहिला. त्याचा फोटो अजून ग्रंथालयात टांगलेला आहे.

तॉर्गाइरचा फोटो कुठेच नाही. त्याच्या कपाळावर मात्र शिक्का बसला, जर्मनांचा माणूस म्हणून. चांगला मालसुद्धा बाद करून, काटेकोरपणा दाखवून साहेबाला खूश ठेवणारा. आस्मुनने त्याच्या नाकावर टिच्चून भाग पळवले, ही गोष्ट पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आली आणि गावाला ती इतकी आवडली, की तिच्यात बदल करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आस्मुनला तर नाहीच. "थोडं निवळू दे, मग मी सांगतो," असं तो म्हणाला होता. ते निवळायला चौतीस वर्षंही पुरली नाहीत. रस्त्यात समोर आला की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. यंदा मार्चमध्ये तो मेला. तॉर्गाइर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि त्याला आस्मुनचा मनापासून राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नाही, पण आला.

कारखान्यात कुणी त्याच्या टेबलाशी जेवायला बसेना, तेव्हा त्याने नोकरी सोडून लाकडाची वखार धरली. ते त्याने सोसलं. पण सेहेचाळीसच्या मे महिन्यात, राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत त्याच्या सात वर्षांच्या मुलीचा, सिग्नीचा हात धरायला एकही मूल तयार झालं नाही, आणि ती झेंडा दोन्ही हातांनी धरून एकटीच चालली, ते त्याला कधी गिळता आलं नाही. आपली बढाई आपण मारायची नाही, एवढ्या एका शिकवणीपायी त्याने पोरीलाही काही सांगितलं नाही.

तीच सिग्नी आता चुलीपाशी उभी राहून कॉफी गाळत होती. पाहुणे येणार म्हणून मुद्दाम आली होती.

"मी पुस्तिका काढतोय," ब्रेक्के सांगत होते. "ही वरची सरकती स्लाइड इथल्याच कारखान्यातली आहे, एवढं तुम्ही लिहून द्या. तपासनिसाची सही म्हणजे काय, विचारूच नका."

तॉर्गाइरने पिस्तूल उचललं नाही. तो सिग्नीकडे वळला.

"इकडे ये. बस जरा."

"कॉफी निवतेय, बाबा."

"निवू दे. ऐक. मोजदाद पास झालेल्या मालाची व्हायची. बाद मालाकडे जर्मन ढुंकूनही बघत नसत. ती पेटी आस्मुन रिकामी करायचा. म्हणून मी चांगले भाग बाद करायचो."

सिग्नी हातातली गाळणी तशीच धरून खुर्चीवर टेकली.

"खरोखरच बाद असेल त्यावर साधी फुली. चांगला असेल तर फुलीचा एक पाय आखूड. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. या स्लाइडच्या आतल्या बाजूला असेल बघ. उघडा हो डॉक्टर. तिला दाखवा."

ब्रेक्केंनी स्लाइड सरकवून काढली आणि उलटी करून खिडकीकडे धरली. आतून ती चमच्यासारखी लखलखीत होती.

"ओरखडा होता एक," ते म्हणाले. "मी घासून काढला. दात घासायच्या यंत्रावर, दोन रविवार लागले."

"कसा होता?"

"ओरखडा तो ओरखडा. हां, फुलीसारखा होता खरा."

"एक पाय आखूड होता?"

"ते कोण बघतं, मुएन?" ब्रेक्के थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पण फुली नक्की होती. हे पुस्तिकेत घ्यायलाच हवं. इतका उत्तम भागही तपासनिसाने बाद केला होता. राग नका मानू, पण गोष्टीत फिट बसतं."

तॉर्गाइरने स्लाइड हातात घेतली. आतून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा किंचित खाली गेला. तिथे पोलाद खाल्लं गेलं होतं. तीच जागा.

ब्रेक्केंनी कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

"करून टाक ना सही, बाबा," सिग्नी हळूच म्हणाली. "एवढ्या लांबून आलेत."

"मापात नाही," तॉर्गाइर म्हणाला. "पातळ झालीय. बाद."

"अहो, पिस्तूल काय आता झाडायचंय?"

"बाद मालावर मी सही करत नाही."

ब्रेक्के हसले. "ऐकलं होतं तसेच आहात अगदी." त्यांनी पिस्तूल कापडात गुंडाळलं, कॉफीबद्दल आभार मानले आणि अंधार पडायच्या आत घरी, ड्रामेन शहरात पोचायचं म्हणून निघाले.

सिग्नीने टेबल आवरायला घेतलं. उरलेल्या पावाच्या चकत्या एकीवर एक ठेवल्या, मध्ये पातळ कागद घातला, कोपरे दाबून पुडी बांधली. उद्याच्या दुपारची त्याची शिदोरी. तॉर्गाइर तिच्या हातांकडे बघत बसला. आता ती विचारेल, कुठला पाय? डावा खालचा, तो सांगणार होता. उत्तर तयार होतं. चौतीस वर्षं तयार होतं.

"बाबा," सिग्नी म्हणाली.

त्याने मान वर केली.

"चीजचा हा तुकडा खाणार आहेस, की ठेवून देऊ?"