छतावरची दुसरी ओळ

“दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही, असं हे सांगून गेलेत,” वहिनी म्हणाल्या. “नाहीतर तुम्हाला कशाला त्रास दिला असता, भावजी?”

मी ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो, म्हणून वर बघावं लागलं नाही. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन वर्षांपूर्वी भर उन्हाच्या दिवसात छतावरून चौदा युनिट वीज मिळायची, आता जेमतेम आठ. पॅनल धुऊन झाली होती. सावली पाडायला आसपास झाड नव्हतं की उंच इमारत नव्हती. सगळं बंद करून पुन्हा चालू करायचा घरगुती उपायही बिचाऱ्यांनी दोनदा केला होता.

हे घर फूटपट्टीचं. खरं नाव वेगळं, पण स्क्रूसुद्धा मोजून लावायचा म्हणून आम्ही त्याला फूटपट्टी म्हणायचो, आणि तो मला झटपट म्हणायचा. नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून लोकांच्या छतांवर पॅनल बसवली. पहिली ओळ तो जोडायचा, दुसरी मी. माझी ओळ नेहमी आधी संपायची आणि मग मी त्याची टिंगल करत बसायचो. मागच्या वर्षी तो झोपेतच गेला. मी स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि कुणी ओळखायच्या आत निघून आलो.

पहिल्या खोलीत त्याचे वडील खुर्चीत बसले होते. जुने लाइनमन, आयुष्यभर खांबांवर चढलेला माणूस. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी नमस्कार केला तर म्हणाले, “आवाजावरून ओळखलं. जा वर, ऊन आहे तोवर बघून घे.”

शिडी चढताना मी दोनदा थांबलो. वय झालं म्हणून नव्हे. पाच वर्षांपूर्वी आम्ही बसवलेल्या एका छताला दुपारी आग लागली आणि खाली झोपलेली त्या घरची आजी गेली. दुसऱ्या ओळीतला एक जोड तापून पेटला होता. सगळी राख झाल्यामुळे कुणी काय जोडलं होतं हे कळायला मार्ग नव्हता. चौकशीत साहेबांनी विचारलं, दुसरी ओळ कुणी जोडली? मी खाली बघितलं. फूटपट्टी म्हणाला, “कागदावर सही माझी आहे. जबाबदारी माझी.”

मी तोंडातून ब्र काढला नाही. माझ्या घरी तेव्हा पाळणा हलायचा होता आणि स्वतःला समजवायला तेवढं कारण पुरलं. त्याचं काम गेलं. तो घरी बसून पंखे दुरुस्त करू लागला आणि मी सुपरवायझर झालो. वडिलांनी त्याला एकच वाक्य ऐकवलं म्हणे, “विजेच्या कामात चूक म्हणजे खून.” त्यानंतर ते मुलाशी बोलले नाहीत, तो मरेपर्यंत.

छतावर दोन ओळी होत्या, सहा-सहा पॅनलच्या. त्या जळलेल्या घराचं काम ज्या आठवड्यात केलं, त्याच आठवड्यात आम्ही हेही केलं होतं. मीटर लावला. पहिली ओळ ठणठणीत. दुसरीचा आकडा चढायचा, मध्येच कोसळायचा, पुन्हा चढायचा. मी वाकून पॅनलच्या खालच्या बाजूला शिरलो आणि तापमान मोजायचं यंत्र एकेका जोडावर धरत गेलो. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. चौथ्या जोडावर त्र्याऐंशी.

काळी टोपणं वितळून एकमेकांना चिकटली होती. मी मेन स्विच बंद करून आलो आणि जोड निरखून पाहिला. आत शिरणारं नर टोक एका कंपनीचं, त्याला घेणारं मादी टोक दुसऱ्या कंपनीचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, लावताना टक् असा आवाजही येतो, पण आत केसाएवढी फट राहते. तिथे रोज दुपारी जोड तापतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा जळत जातो. त्या आठवड्यात जोडांचा डबा संपला होता. फूटपट्टी म्हणाला होता, उद्या एकाच कंपनीचे आणू. मी पिशवीच्या तळातले उरलेसुरले जोड काढून काम उरकलं होतं. शेजारची तार मी पिळून बांधलेली, माझ्या नेहमीच्या पद्धतीने. ती नाकारायला जागाच नव्हती.

मग मला पॅनलच्या पाठीवरचं अक्षर दिसलं. बारीक, सरळ रेषेत, काळ्या मार्करचं. तारीख आणि पुढे आकडा. खाली पुढच्या महिन्याची तारीख आणि आकडा. एक्कावन्न, त्रेपन्न, साठ. चार वर्षांच्या नोंदी होत्या, एकही महिना चुकलेला नव्हता. जोडाच्या खाली त्याने पत्र्याचा तुकडा बसवून ठेवला होता, ठिणगी पडली तर पत्र्यावर पडावी म्हणून.  “आधी मोज, मग बोल,” असं तो सारखा म्हणायचा, आणि तो माझ्या खांद्याशी वाकून उभा आहे असं मला इतकं खरं वाटलं की मी बाजूला सरकून जागा केली.

पहिली तारीख मी तीनदा वाचली. ती चौकशीच्या आदल्या दिवसाची होती.

म्हणजे आग लागल्यावर तो घरी आला, स्वतःच्या छतावर चढला आणि त्याने माझं काम तपासलं. त्याला सगळं कळलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभं राहून त्याने सही आपली म्हणून सांगितली. पुढे त्याचे तीन फोन आले होते, “एकदा घरी ये, दुसरी ओळ बघून जा.” तिन्ही वेळा मी उद्या येतो म्हणालो. मी येऊन बघेपर्यंत म्हणून त्याने तो जोड बदलला नव्हता.

मी जोड कापला, नवा बसवला, पाठीवरच्या नोंदींचा फोटो काढला आणि खाली आलो.

“सापडलं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“सापडलं, काका.”

“कुणाचं काम?”

जुनं झालंय, काका, बदललं की झालं, हे वाक्य जिभेवर तयार होतं. कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

“माझं,” मी म्हणालो. “आणि ते जळालेलं घर, तिथली दुसरी ओळ पण मीच जोडली होती. हेच उरलेले जोड वापरले होते. त्याची काही चूक नव्हती, काका. काहीच नव्हती.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत उभ्या होत्या. ताट पुसून झालं तरी त्यांचा हात फिरतच राहिला.

“त्याला ठाऊक होतं?” म्हाताऱ्याचा आवाज एकदम कोरडा झाला.

“चौकशीच्या आदल्या दिवसापासून.”

“मग माझ्याशी का नाही बोलला?”

“बोलले असते, बाबा,” वहिनी म्हणाल्या. “पण तुम्ही पाठ फिरवून जेवत होतात.”

त्या रागाने बोलल्या नाहीत आणि त्यामुळेच ते ऐकवेना. म्हातारा खुर्चीच्या हातावर नख घासत राहिला.

“मी उद्या ऑफिसात सगळं लिहून देतो,” मी म्हणालो. “नोकरी गेली तर जाऊ दे.”

“आज द्या,” वहिनी म्हणाल्या. “उद्याचं तुम्ही त्यांनाही सांगितलं होतं.”

मी मान डोलावली. बॅगेतून कागद काढला आणि तिथेच बसून लिहिलं. माझं नाव घातलं, सही केली, फोटो काढून साहेबांच्या फोनवर पाठवला. 

“काय काय लिहून ठेवलंय त्याने?” म्हातारा म्हणाला. “वाच.”

मी मोबाइलवरून वाचायला लागलो. तारीख, आकडा. तारीख, आकडा. माझ्या आयुष्यात मी इतकं सावकाश काही वाचलं नव्हतं. म्हातारा प्रत्येक आकड्याला हुं म्हणत होता, मूल दिवसभरातलं काही सांगत बसलं की म्हणावं तसं. शेवटचा होता चौऱ्याहत्तर.

“पुढे?”

“पुढे नाही, काका. पुढच्या महिन्यात तो गेला.”

 काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा घातला. घातला काय नि काढला काय, त्यांना सारखंच.

“आज किती होता?”

“त्र्याऐंशी.”

“लिहिलास?”

“नाही.”

“लिहून ये. नोंद अर्धवट ठेवू नये.”

मी मार्कर घेऊन बाहेर आलो. मागून काठीचा आवाज आला. वहिनी धरायला पुढे झाल्या तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. चाचपडत ते शिडीपाशी आले, काठी भिंतीला टेकवली आणि शिडीचे दोन्ही दांडे घट्ट पकडले. खांबांवर चढणाऱ्यांसाठी शिडी धरून उभं राहण्यातच त्यांची अर्धी नोकरी गेली होती. मी वर गेलो, पॅनलखाली वाकलो, त्याच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली, आकडा घातला आणि शेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर त्याच्यासारखं सरळ आलं नाही.

परत कडेला आलो तेव्हा म्हातारा तसाच उन्हात उभा होता, तोंड वर करून.

“झालं?”

“झालं, काका.”

“मग ये,” ते म्हणाले. “सावकाश उतर.”