शंभर ठिपके आणि एक खड्डा

मुंगीसरांचा तसा कोणावरच भरवसा नव्हता, पण त्या आठवड्यात ते स्वतःच्या चष्म्याच्या डबीकडेही वाकड्या नजरेनं बघत होते.

कारणही तसंच होतं. मुंग्या एकमेकींच्या मागावरून वाट कशी काढतात हे पाहून त्यांनी गणिताची एक पद्धत बसवली होती. पडद्यावरच्या नकाशात शंभर ठिपके सोडायचे. सगळ्यात खोल खड्डा कुठे दडलाय, ते ठिपक्यांनी एकमेकांना खबर देत हुडकायचं. बावीस वर्षं ठिपके बिनचूक पोचले. शुक्रवारी समितीपुढे एवढंच दाखवलं की नव्या संशोधन केंद्राला सरांचं नाव लागणार होतं. आणि सोमवारपासून ठिपके जमायचे, पण खड्डा काही सापडेना.

"कोणीतरी यात हात घातलाय," ते घरी म्हणाले.

"कोणी?"

"तेच शोधतोय."

"मग मुंग्यांना विचारा," बायको म्हणाली.

सरांनी पासवर्ड बदलला. कीबोर्डवर खडूची पूड भुरभुरली. बुधवारी दुपारी ती पूड ताईच्या बाहीवर दिसली. ताई म्हणजे चौदा वर्षं त्यांचे प्रोग्राम लिहिणारी सहायक.

"तू? पासवर्ड कुठून मिळाला?"

"तुम्हीच मला लिहून ठेवायला सांगितलात, सर."

"माझ्या सूत्राला हात लावलास?"

"सूत्राला नाही. खड्डा हलवला फक्त. नेहमी नकाशाच्या मधोमध असतो, तो कोपऱ्यात नेला. म्हटलं, बघू तरी."

"ऐन वेळी बरं सुचलं! कोणी शिकवलं तुला हे? जा बाहेर!"

ताई गेली. सरांनी खड्डा पुन्हा मधोमध आणला. ठिपके शहाण्यासारखे येऊन बसले. सरांचा जीव भांड्यात पडला, पण संशयी स्वभाव काही गप्प बसेना. त्यांनी खड्डाच पुसून टाकला. नकाशा सपाट झाला, शोधायला काही उरलं नाही. ठिपके सोडले.

तेवढ्याच वेळात ते मधोमध जमले.

सरांनी पुन्हा सोडून पाहिले. पुन्हा मधोमध. त्यांचं सूत्र काही शोधत नव्हतं, नुसतं सगळ्यांना मध्याकडे ओढत होतं. बावीस वर्षं! लाजेनं त्यांचे कान तापले. त्यांनी ताईला आत बोलावलं.

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला." ताईनं सपाट नकाशाकडे पाहिलं. "शुक्रवारी खड्डा कुठे ठेवू, सर?"

सरांनी उठून दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"मधोमध," ते म्हणाले.