दार वाजवणारी बाई

जुन्या सिनेमात आत्या मेलेली होती, आणि तेवढ्या एका कामामुळे ती लोकांच्या लक्षात राहिली होती. मेलेली माणसं उठतात आणि आपापल्या घरी परत येतात, एवढीच त्या काळ्यापांढऱ्या सिनेमाची गोष्ट. पण त्यात गाउनमधली एक तरुण बायको धुक्यातून चालत येते आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवत राहते. त्या दृश्यानं एका पिढीची झोप उडवली होती. ती बायको म्हणजे आत्या.

आता तिचा भाचा तोच सिनेमा नव्यानं करत होता. इतकी वर्षं त्यानं साबणाच्या नि गाद्यांच्या जाहिराती केल्या होत्या. हे काम आपल्या पदरात पडलं ते आत्याच्या नात्यामुळे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. नव्या प्रेक्षकांना धीर नाही म्हणून त्याची मेलेली माणसं, झॉम्बी, पळणार होती. निर्मात्याची अट एकच. "तुझी आत्या एका तरी दृश्यात पाहिजे. जुने लोक तिच्यासाठी येतील."

आत्याची मुलगी, त्याची ताई, आधी तयारच होईना.

"हल्ली तिचं काही खरं नसतं रे. सकाळी छान असते, दुपार झाली की मलाच विचारते, बाई तुम्ही कोण."

"खिडकीत बसून बाहेर बघायचं, बस. सकाळीच उरकतो."

"आणि मी तिच्याजवळून हलणार नाही."

"हलूच नकोस. शब्द देतो."

चित्रीकरणाच्या दिवशी मात्र सगळं रखडलं. धूर सोडायचं यंत्र बिघडलं, मग पळणाऱ्या झॉम्बींपैकी एकाचा पाय मुरगळला. सकाळ गेली. आत्या जुन्यासारखाच पांढरा गाउन घालून खुर्चीत बसून होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून मान डोलवत होती. ताईच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

"जा, दोन घास खाऊन ये," तो म्हणाला. "मी आहे ना."

ताई गेली, आणि तेवढ्यात यंत्र सुरू झालं. गोदामात उभारलेला रस्ता धुरानं भरला. कॅमेऱ्याची चाचणी चालू होती. राखाडी तोंडाची, ओठांवर लाल रंग सुकलेली माणसं डबे आवरून जागेवर परतत होती. त्यातला एक जण आत्याजवळ वाकून अदबीनं "नमस्कार" म्हणाला.

आत्या किंचाळली नाही. ती उठली आणि चालू लागली, भिंतीला हात लावत, एक पाय ओढत. पहिल्या घरापाशी थांबून तिनं दार वाजवलं. ते दार प्लायवूडचं होतं, मागे काहीच नव्हतं. मग दुसरं दार. मग तिसरं.

"आई," ती म्हणत होती. "आई, दार उघड ना गं."

सहायक मुलगी त्याच्या कानाशी आली. "सर, त्या घाबरल्यात. जाऊ का मी?"

त्यानं हात आडवा धरला. डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावरून न काढता तो हळूच म्हणाला, "कॅमेरा चालू राहू दे."

आत्याचा गाउन मागून ओला होत गेला. तेही पडद्यावर दिसलं. आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की असं आपण जन्मात घडवू शकलो नसतो.

शेवटी ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली, तेव्हा तो धावला आणि तिच्या अंगावर आपलं जाकीट घातलं. ताई परत आली तेव्हा तो म्हणाला, "गाउनवर पाणी सांडलं जरा. पण आत्यानं कमाल केली. कुणी न सांगता चालली." ताईचे डोळे भरून आले. आईत ते सगळं अजून शिल्लक आहे, असं तिला वाटलं. त्यानं तसं वाटू दिलं.

संकलकानं ते दृश्य पाहून एकदाच विचारलं, "हा अभिनय आहे ना?"

"मग काय!" तो म्हणाला, आणि कॉफी आणायच्या निमित्तानं बाहेर पडला. त्या खोलीत त्याला बसवेना. पण दृश्य काढ असंही तोंडातून निघेना.

निर्माता मात्र वेडा झाला. त्यानं जाहिरातीची सगळी फीत त्याच दृश्याभोवती बांधली. चार दिवसांत ती घराघरांत पोचली. पोरं एक पाय ओढत, दारं वाजवत, "आई, दार उघड ना गं" असं रडक्या आवाजात म्हणत फोनवर आपापल्या फिती काढू लागली. एकदा सिग्नलला त्याच्या गाडीच्या काचेवर एका शाळकरी मुलीनं तसंच टकटक केलं आणि मैत्रिणींसकट खिदळत पळाली.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

"त्या फितीत ती 'आई' म्हणतेय," ताई म्हणाली. "तुमच्या संवादांच्या कागदावर 'आई' नव्हतं."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती कामाच्या वेळी आईला हाक मारत नाही. घाबरली की मारते. आणि ते पाणी नव्हतं, ना?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो त्यांच्याकडे गेला. ताईनं दार उघडलं, पण ये म्हणाली नाही. आत आत्या खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले, नजर स्वच्छ.

"आलास, ठोंब्या? शेजारीण अभिनंदन करून गेली. मला दाखवलं तिनं फोनवर." ती खुर्चीत पुढे सरकली. "मला यातलं काही आठवत नाही. मी काम करत होते ना रे?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तिला आनंद झाला असता, आणि तोही सुटला असता. ताई दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"नाही, आत्या. तू घाबरली होतीस."

"आणि तू कुठे होतास?"

"तिथेच. बघत होतो."

गाउन नीट करावा तशी आत्यानं मांडीवरची चादर ओढून घेतली, अगदी गुडघ्यांखालपर्यंत.

"सगळ्यांनी पाहिलं?"

"हो."

"जा आता," ती म्हणाली.

त्यानं सिनेमातून ते दृश्य काढलं. निर्माता वाट्टेल ते बोलला, पुन्हा काम देणार नाही म्हणाला, आणि तो शब्दाला पक्का निघाला. सिनेमा आला आणि गेला. जाहिरातीतली म्हातारी कुठे गेली, असं लोक विचारत राहिले. पोरांच्या फिती मात्र कुणाला पुसता आल्या नाहीत. त्या आहेत तिथे आहेत.

पुष्कळ दिवसांनी, ताईची परवानगी घेऊन, तो पुन्हा गेला. या वेळी आत्यानं हसून स्वागत केलं. तिला काहीच आठवत नव्हतं.

"हल्ली काय करतोस, ठोंब्या?"

"काही नाही गं. जाहिराती."

"सिनेमा कर की एखादा. मला घे त्यात." ती त्याच्याकडे झुकली, डोळे मिचकावून. "चालता येतं मला अजून."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. भांडी मघाशीच घासून झाली होती. तो आत्याचा हात धरून बसला. मान वर करून तिच्याकडे पाहणं त्याला जमलं नाही.